तारा कृष्णविवराच्या जवळ आला असता

ज्या वस्तूतून प्रकाशाचा एकही किरण बाहेर पडत नाही, ती वस्तू आकाशात आहे हे ओळखावे कसे? कृष्णविवराविषयी विचार करू लागताच हा प्रश्न प्रथम उभा राहतो. त्याचे उत्तर असे, की जी वस्तू स्वतः दिसत नाही तिची ओळख तिच्या शेजाऱ्यांच्या वागणुकीवरून पटते. एखादा तारा रिकाम्या भासणाऱ्या जागेभोवती वेगाने प्रदक्षिणा घालीत असेल, तर ती जागा रिकामी नाही असे अनुमान आपण करतो. परंतु शेजारी तारा प्रदक्षिणेवर न थांबता फार जवळ गेला, तर त्याचा विध्वंस होतो, आणि त्या विध्वंसाच्या उजेडात काही महिन्यांपुरते ते अदृश्य विवर प्रकट होते. हा विध्वंस कसा घडतो, केव्हा घडतो व केव्हा मुळीच घडत नाही, आणि त्यावरून कृष्णविवराचे वजन कसे काढता येते, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

काशीतील गणित

या विषयाचा आरंभ दुर्बिणीतून झाला नाही. तो कागदावर झाला. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ साली व्यापक सापेक्षतावाद मांडला. गुरुत्वाकर्षण म्हणजे वस्तुमानामुळे अवकाश व काल यांना आलेली वक्रता होय, असे या सिद्धान्ताचे प्रतिपादन आहे. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १९१६ साली, जर्मन ज्योतिर्विद कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर प्रसिद्ध केले. एका गोल वस्तुमानाभोवतीचे गुरुत्वीय क्षेत्र कसे असेल, ते या उत्तरावरून कळते. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो, त्याचे गणित या उत्तरातच दडलेले होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वाराणसी येथे गंगेच्या काठी काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली, हा केवळ योगायोग. पुढे १९३२ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून या विश्वविद्यालयाच्या गणित विभागाचे प्रमुखपद एका तरुण मराठी गणितज्ञाने स्वीकारले. ते म्हणजे प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर. त्यांचा जन्म १९०८ सालचा, कोल्हापूरचा. मुंबईस पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, तेथे रँग्लर झाले, आणि परतल्यावर १९६० सालापर्यंत काशीस राहून त्यांनी सापेक्षतावादाच्या अभ्यासकांची एक परंपराच निर्माण केली.

या परंपरेतील एक कार्य आपल्या विषयाशी निकटचे आहे. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण नारळीकरांकडे संशोधनासाठी काशीस आले. श्वार्झशिल्ड यांच्या उत्तरात वस्तुमान कायम राहते व त्याच्या भोवतीचा प्रदेश संपूर्ण रिकामा असतो, असे गृहीत धरलेले आहे. परंतु खरा तारा तेज बाहेर टाकीत असतो, आणि तेज म्हणजे ऊर्जा, व ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, असे सापेक्षतावाद सांगतो. आपला सूर्यच दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावीत असतो. मग अशा तेजस्वी ताऱ्याभोवतीचे गुरुत्वीय क्षेत्र कसे असेल? या प्रश्नाचे उत्तर वैद्य यांनी शोधून काढले व ते १९४३ साली प्रसिद्ध केले. तेच उत्तर काळाची दिशा उलट करून लिहिले, म्हणजे तेज बाहेर जाण्याऐवजी आत पडत आहे असे मानले, की वाढत जाणाऱ्या कृष्णविवराचा सर्वांत साधा नमुना हाती येतो. भक्ष्य मिळाले असता कृष्णविवराचे क्षेत्र कसे बदलेल, या प्रश्नाचा विचार आजही अनेकदा वैद्य यांच्या या उत्तरापासून सुरू होतो. ते लिहिले गेले तेव्हा ‘कृष्णविवर’ या अर्थाचा शब्ददेखील प्रचारात आलेला नव्हता. त्याचा इंग्रजी पर्याय १९६७ नंतर जॉन व्हीलर यांच्यामुळे रूढ झाला. मराठी वाचकांपैकी अनेकांना ‘कृष्णविवर’ हा शब्द प्रथम भेटला तो १९७४ सालच्या त्याच नावाच्या विज्ञानकथेतून. आणि तिचे लेखक डॉ. जयंत नारळीकर हे काशीच्या त्याच विश्वविद्यालयाच्या परिसरात वाढलेले, विष्णु वासुदेवांचे चिरंजीव.

कृष्णविवर ओढते, पण कोणाला?

कृष्णविवर म्हणजे आकाशातील भोक नव्हे. पुष्कळसे वस्तुमान अत्यंत लहान जागेत कोंडले गेले, की त्याच्या भोवती एक सीमा निर्माण होते. तिच्या आत गेलेली कोणतीही वस्तू, प्रकाशसुद्धा, परत येऊ शकत नाही. या सीमेस क्षितिज म्हणतात. क्षितिजाची त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. सूर्याएवढ्या वस्तुमानास ती सुमारे ३ किलोमीटर असते. दहा लाख सूर्यांच्या वस्तुमानास सुमारे ३० लाख किलोमीटर. अशी महाकाय कृष्णविवरे बहुतेक सर्व मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी आढळतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कृष्णविवर आसपासचे सर्व काही भोवऱ्याप्रमाणे ओढून घेते, अशी समजूत प्रचलित आहे. ती खरी नाही. सूर्य नाहीसा होऊन त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, अशी कल्पना करा. पृथ्वीवर अंधार व थंडी पसरेल हे खरे, परंतु तिची कक्षा तिळमात्र बदलणार नाही. दूर अंतरावरून कृष्णविवराचे आकर्षण इतर कोणत्याही तितक्याच वस्तुमानाच्या पदार्थासारखेच असते. संकट उद्भवते ते जवळ गेल्यावर. आणि ते का उद्भवते हे समजण्यासाठी आपल्याला काही काळ समुद्रकिनाऱ्यावर जावे लागेल.

भरती-ओहोटीचा धडा

काशीच्या घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्या पुरामुळे. समुद्राची भरती तेथवर पोहोचत नाही. परंतु रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरील मुलाला विचारले, तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ असते. अमावास्येला व पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, हे तो सांगेल. या उधाणाचे मुख्य कारण चंद्राचे आकर्षण होय, हे आपण शाळेत शिकतो.

पण थोडा विचार केला, की एक अडचण उभी राहते. सूर्य पृथ्वीला जेवढ्या जोराने ओढतो, तो जोर चंद्राच्या ओढीच्या सुमारे १८० पट आहे. असे असता भरती सूर्याच्या तंत्राने न चालता चंद्राच्या तंत्राने का चालते? उत्तर असे, की भरती आकर्षणामुळे येत नाही. ती आकर्षणातील फरकामुळे येते. चंद्राकडील बाजूचे पाणी चंद्रास जवळ, म्हणून त्यावर ओढ अधिक. पृथ्वीच्या मध्यावर ती त्याहून कमी. पलीकडील बाजूवर आणखी कमी. या असमान ओढीमुळे पृथ्वीवरील पाणी दोन्ही बाजूंना फुगते. चंद्र जवळ असल्यामुळे हा फरक जाणवण्याइतका आहे. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या दृष्टीने पृथ्वीची अलीकडची व पलीकडची बाजू जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून सूर्याची एकूण ओढ प्रचंड असूनही त्याचे भरतीबल चंद्राच्या भरतीबलाच्या निम्म्याहूनही कमी भरते.

अंतर निम्मे झाले तर आकर्षण चौपट होते. भरतीबल मात्र आठपट होते. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे. एखादी वस्तू मोठ्या वस्तुमानाच्या जवळ जाऊ लागली, की तिला फाडू पाहणारे भरतीबल अत्यंत झपाट्याने वाढते. दुसऱ्या बाजूला त्या वस्तूचे स्वतःचे गुरुत्व तिला एकत्र धरून ठेवण्याचा प्रयत्न करीत असते. या दोहोंच्या झुंजीत भरतीबलाचा जय झाला, की वस्तू विदीर्ण होते. फ्रेंच गणितज्ञ एदुआर रोश यांनी १८४८ साली ग्रह व उपग्रह यांच्या संदर्भात ही मर्यादा दाखवून दिली.

आपल्याच सूर्यमालेत याचे प्रत्यंतर आले आहे. शूमेकर-लेव्ही नावाचा धूमकेतू १९९२ साली गुरूच्या फार जवळून गेला आणि त्याचे तुकडे झाले. मण्यांच्या माळेसारखे एका ओळीत चाललेले ते तुकडे जुलै १९९४ मध्ये एकामागून एक गुरूवर आदळले, आणि ते दृश्य जगभरच्या वेधशाळांनी पाहिले. गुरूच्या जागी कृष्णविवर आणि धूमकेतूच्या जागी तारा कल्पिला, की आपण मूळ विषयापाशी येतो.

ताऱ्याचा शेवट

दीर्घिकेच्या केंद्राजवळ ताऱ्यांची फार दाटी असते. तेथे तारे एकमेकांवर आदळतात असे नव्हे. परंतु परस्परांच्या आकर्षणाने त्यांच्या कक्षा हळूहळू बदलत असतात. अशा लहानसहान धक्क्यांनी एखाद्या ताऱ्याची कक्षा इतकी लांबट होते, की तिचे एक टोक थेट कृष्णविवराच्या जवळ जाऊन पोहोचते. एका दीर्घिकेत असा प्रसंग सुमारे दहा हजार ते एक लाख वर्षांतून एकदा येतो, असा अंदाज आहे.

समजा, कृष्णविवराचे वस्तुमान दहा लाख सूर्यांएवढे आहे आणि येणारा तारा आपल्या सूर्यासारखा आहे. सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर. गणित असे सांगते, की हा तारा कृष्णविवरापासून सुमारे ७ कोटी किलोमीटर अंतराच्या आत आला, की त्याचे स्वतःचे गुरुत्व हरते. या अंतरास आपण विदारणमर्यादा म्हणू. कृष्णविवराचे क्षितिज तेथून अद्याप दूर, ३० लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे तारा क्षितिजापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, बाहेरच्या मोकळ्या अवकाशात, त्याचा नाश होतो. तो बाहेर होतो म्हणूनच आपल्याला दिसू शकतो, हे विशेष महत्त्वाचे आहे.

विदारण ही काही तासांचीच घटना असते. कृष्णविवराच्या दिशेने तारा ताणला जातो आणि आडव्या दिशेने चेपला जातो. लाटण्याखालच्या गोळ्याप्रमाणे त्याची गोलाई नाहीशी होऊन तप्त वायूचा एक लांबच लांब पट्टा तयार होतो. या पट्ट्याचे भवितव्य ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९८८ साली स्पष्ट केले. पट्ट्याचा जो भाग कृष्णविवराच्या जवळून गेला, तो त्याच्या आकर्षणात कायमचा अडकतो. जो भाग दूरच्या बाजूस होता, तो सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने अवकाशात भिरकावला जातो व पुन्हा परत येत नाही. स्थूलमानाने निम्मा तारा अडकतो व निम्मा सुटतो. तेव्हा ‘कृष्णविवराने तारा गिळला’ ही वार्ता या प्रसंगी अर्धीच खरी असते.

अडकलेला भागही एकदम आत पडत नाही. प्रत्येक तुकडा आपापल्या लांबट कक्षेतून एक फेरा पूर्ण करून परततो. ज्याची कक्षा सर्वांत लहान, तो सर्वांत आधी येतो. आपल्या उदाहरणात पहिले तुकडे सुमारे ४० दिवसांनी परततात. त्यानंतर परतणाऱ्या वायूचा ओघ एका ठरावीक प्रमाणात ओसरू लागतो: विदारणापासून आठपट काळ लोटला, की ओघ बत्तिसाव्या हिश्शावर येतो. हे परतणारे वायूचे प्रवाह एकमेकांवर आपटतात, तापतात, आणि कृष्णविवराभोवती फिरणारी एक तबकडी तयार करतात. तबकडीतील घर्षणाने वायू आणखी तापतो व आतल्या बाजूस सरकतो. त्यातून दृश्य प्रकाश, जंबुपार किरण व क्ष-किरण बाहेर पडतात. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाच्या शंभरातील एका भागाहूनही कमी अंशाचे ऊर्जेत रूपांतर होते. अशा तबकडीत हे प्रमाण दहा भागांपर्यंत जाऊ शकते. म्हणून एका ताऱ्याच्या या अवशेषाचे तेज काही आठवडे संपूर्ण दीर्घिकेतील अब्जावधी ताऱ्यांच्या एकत्रित तेजाच्या तोडीचे होते. या तेजाचा कोणता भाग प्रवाहांच्या टकरीतून येतो आणि कोणता तबकडीतून, याविषयी अद्याप शास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही.

तथापि ४० दिवसांच्या या आकड्यात मोठी उपयुक्तता आहे. कृष्णविवराचे वस्तुमान चौपट असेल, तर पहिले तुकडे परतण्यास दुप्पट काळ लागतो. म्हणजे तेज किती दिवसांनी चढले व कसे उतरले याची नोंद काळजीपूर्वक ठेवली, तर त्यावरून जे दिसत नाही त्याचे वस्तुमान अजमावता येते. ताऱ्याचा नाश हा अशा प्रकारे शास्त्रज्ञांच्या हाती एक तराजूच ठरतो.

मोठे कृष्णविवर, निःशब्द शेवट

कृष्णविवर जितके मोठे तितका ताऱ्याचा विध्वंस भयंकर, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. कृष्णविवराचे वस्तुमान आठपट केले, की क्षितिज आठपट मोठे होते. विदारणमर्यादा मात्र केवळ दुप्पट होते. हा हिशेब आपण क्रमाने करून पाहू. दहा लाख सूर्यांच्या कृष्णविवरास क्षितिज ३० लाख किलोमीटरवर आणि विदारणमर्यादा ७ कोटी किलोमीटरवर. ऐंशी लाख सूर्यांच्या कृष्णविवरास क्षितिज २ कोटी ४० लाखांवर आणि मर्यादा १४ कोटींवर. ६ कोटी ४० लाख सूर्यांच्या कृष्णविवरास क्षितिज सुमारे १९ कोटींवर आणि मर्यादा २८ कोटींवर. आणखी एक पायरी चढलो, की ५१ कोटी २० लाख सूर्यांच्या कृष्णविवराचे क्षितिज सुमारे १५० कोटी किलोमीटरवर जाते आणि विदारणमर्यादा केवळ ५६ कोटींवर, म्हणजे क्षितिजाच्या आत राहते!

याचा अर्थ काय? साधारणतः दहा कोटी सूर्यांहून अधिक वस्तुमानाच्या कृष्णविवराकडे सूर्यासारखा तारा गेला, तर तो फाटण्यापूर्वीच क्षितिज ओलांडतो. बाहेर ना तबकडी, ना ज्वाला. तारा लालसर व मंद होत दिसेनासा होतो, एवढेच. कृष्णविवर स्वतःभोवती वेगाने फिरत असेल तर ही सीमा काहीशी पुढे सरकते, परंतु मूळ गोष्ट बदलत नाही. ज्याच्या सावलीचे चित्र २०१९ साली जगाने पाहिले, त्या एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढे आहे. तेथे सूर्यासारखा तारा अखंडच आत जाईल.

ताऱ्याच्या प्रकारानेही फरक पडतो. तांबडा राक्षसी तारा फुगलेला व विरळ असतो. तो पुष्कळ लांबूनच फाटू लागतो. उलट श्वेत बटू तारा पृथ्वीएवढ्या आकारात कोंडलेला व अतिशय घट्ट असतो. त्याला क्षितिजाबाहेर फाडण्यास लहान कृष्णविवरच लागते. म्हणून श्वेत बटूचे विदारण निश्चितपणे ओळखता आले, तर तेथील कृष्णविवर महाकाय नाही असे सिद्ध होईल.

हानले व खोडद येथील वेध

दीर्घिकांच्या केंद्रात तारे असे फाटत असावेत, असा विचार जॅक हिल्स यांनी १९७५ साली मांडला होता. प्रत्यक्ष पुरावा मात्र १९९० साली सोडलेल्या रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाच्या निरीक्षणांतून मिळू लागला. काही शांत दीर्घिकांची केंद्रे एकाएकी क्ष-किरणांनी उजळून नंतर मंदावली होती. एका दीर्घिकेत हा प्रसंग हजारो वर्षांनी येत असल्याने एकाच दीर्घिकेकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही; एकाच वेळी लाखो दीर्घिकांवर लक्ष ठेवावे लागते. अलीकडच्या स्वयंचलित दुर्बिणी हेच काम करतात. त्या साऱ्या आकाशाची छायाचित्रे वरचेवर घेतात आणि कालच्या चित्राहून आजच्या चित्रात काय निराळे आहे, ते यंत्राकडून शोधून घेतात.

अमेरिकेतील पालोमार पर्वतावरील झ्विकी नावाच्या अशाच सर्वेक्षणाला ११ फेब्रुवारी २०२२ रोजी एक नवा तेजोबिंदू आढळला. त्याला ‘एटी २०२२ सीएमसी’ असे नाव मिळाले. तो इतक्या झपाट्याने मंदावू लागला, की जगातील अनेक वेधशाळांनी तातडीने आपला मोहरा तिकडे वळविला. चिली देशातील मोठ्या दुर्बिणीने त्याचे अंतर निश्चित केले. तेथून निघालेला प्रकाश सुमारे ८५० कोटी वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत आला होता. एवढ्या दूरच्या वस्तूचे तेज इतके प्रखर का दिसावे? निरीक्षणांवरून निघालेला निष्कर्ष असा, की एक तारा महाकाय कृष्णविवराजवळ विदीर्ण झाला होता. परंतु या वेळी परतणाऱ्या द्रव्याचा काही अंश आत न जाता प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने एका अरुंद झोताच्या रूपात बाहेर फेकला गेला, आणि तो झोत नेमका आपल्या दिशेने होता. विजेरीचा प्रकाशझोत डोळ्यांवर आला असता ती लांबूनही प्रखर भासते, तसाच हा प्रकार. असे झोत विदारणाच्या शंभरातील सुमारे एखाद्याच प्रसंगी निर्माण होतात. २८ मार्च २०११ रोजी स्विफ्ट या उपग्रहाने असा एक झोत टिपला होता. परंतु दृश्य प्रकाशाच्या सर्वेक्षणातून सापडलेला हा पहिलाच.

या वेधांत भारताचाही वाटा होता. लडाखमधील हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, ग्रोथ-इंडिया ही ७० सेंटीमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था या दोघी मिळून ती चालवितात. तिने या बिंदूचे निरीक्षण केले; मुंबईच्या संस्थेतील प्रा. वरुण भालेराव हे या कामात सहभागी होते. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणींचा जो संच आहे, त्यानेही रेडिओ लहरींत वेध घेतले. या सर्वांचा वृत्तान्त ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लडाखच्या थंड वाळवंटात आणि जुन्नरच्या ऊसमळ्यांशेजारी उभ्या असलेल्या यंत्रांनी मिळून एका ताऱ्याच्या मृत्यूची साक्ष नोंदवली, असे म्हणता येईल.

आपल्या आकाशगंगेत काय?

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रस्थानी, धनू राशीच्या दिशेला, सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे अंतरावर ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. त्याच्या भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षे माग घेऊन राइनहार्ट गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांनी हे निश्चित केले, आणि त्याबद्दल त्यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिक रॉजर पेनरोझ यांच्यासमवेत मिळाले. त्यांपैकी एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. मे २०१८ मध्ये तो कृष्णविवराच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून अधिक होता. तरीही तो सुखरूप परतला. कारण त्या वेळीदेखील तो सुमारे १,८०० कोटी किलोमीटर दूर होता. या कृष्णविवराची विदारणमर्यादा सूर्यासारख्या ताऱ्यासाठी सुमारे ११ कोटी किलोमीटर येते. एस-२ आकाराने मोठा असल्याने त्याची मर्यादा थोडी अधिक धरली, तरी तो धोक्याच्या रेषेपासून कितीतरी पट दूर राहिला. आपली पृथ्वी व सूर्य तर तेथून इतके लांब आहेत, की या विवराच्या भरतीबलाची आपण मुळीच चिंता करू नये.

तात्पर्य

या साऱ्या विवेचनातून एक गोष्ट मनात ठसावी अशी आहे. कृष्णविवर ताऱ्याचा नाश करते ते केवळ अधिक जोराने ओढते म्हणून नव्हे, तर त्याच्या दोन बाजूंना असमान ओढते म्हणून. ज्या फरकामुळे मालवणच्या खाडीत पाणी चढते-उतरते, त्याच फरकाची ही परिसीमा होय. आणि म्हणूनच लहान कृष्णविवर ताऱ्याच्या चिंधड्या करून स्वतःचा ठावठिकाणा उघड करते, तर अतिविशाल कृष्णविवर तारा अखंड गिळून अंधारातच राहते.

चिली देशातील व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ साली आपली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तिच्या ८.४ मीटर व्यासाच्या आरशामुळे अशा घटना पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक संख्येने सापडतील अशी अपेक्षा आहे. ज्या शांत दीर्घिकांच्या केंद्रातील कृष्णविवरे आजवर अज्ञात होती, त्यांची मोजदाद त्यामुळे होऊ शकेल. २०२२ साली आपल्यापर्यंत आलेला तो प्रकाश जेव्हा निघाला, तेव्हा आपला सूर्यही जन्मास यावयाचा होता. तो वाटेत असतानाच सूर्य झाला, पृथ्वी झाली, तिच्यावर समुद्र झाले व त्यांना भरती येऊ लागली. अखेरच्या एका शतकात मनुष्याने त्या भरतीमागचा नियम ताऱ्यांना लावून पाहिला, काशीसारख्या ठिकाणी दुर्बिणीवाचून त्याचे गणित केले, आणि तो प्रकाश पोहोचला तेव्हा त्याचा अर्थ लावण्याइतकी तयारी आपली झालेली होती.